न मारलेली बोंब

पळस पेटला की माझा घसा खवखवायला लागतो. डॉक्टर म्हणतो, धूळ आहे काका, गरम पाणी प्या. मी म्हणतो, धूळ नाही बाप्पा, बोंब आहे. अडकलेली बोंब. हा रोग फक्त आमच्या गावच्या लोकांना होतो, फक्त फागुनात होतो, आणि त्यावरचं औषध आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.

नेरहून आर्णीकडे निघालात आणि एसटीत डुलकी लागली, तर आमचं गाव कधी निघून गेलं ते कळायचंही नाही. पूर्वी कळायचं. आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीतले खड्डे प्रवाशाला झोपूच देत नसत. बाजार चौकातल्या एका खड्ड्यात माझ्या डोळ्यांदेखत एक गाभण म्हैस उतरली, तिथंच व्याली, आणि वगारू बाहेर आलं तेव्हा ते स्वतः दूध द्यायला लागलं होतं. हे खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ही गोष्ट मी एका धुळवडीला भर चौकात शपथेवर सांगितली आहे, आणि खुद्द नगराध्यक्षांनी ती मान हलवून ऐकली आहे.

फागुन आमच्याकडे नाकातून येतो. कापूस विकून झालेला असतो, तुरी खळ्यातून उठलेल्या असतात, वावरात नुसत्या वाळल्या पऱ्हाट्या खुळखुळत असतात. आणि मग एका सकाळी मोहाचा वास येतो. झरी जामणीच्या जंगलातून निघालेला हा वास आमच्या गावापर्यंत पोचेस्तोवर वाटेत आंबतो. नुसता त्या वासानं आमचा पोस्टमन एकदा भलत्याच गावची पत्रं वाटून आला होता, आणि गंमत म्हणजे एकाही घरानं ती परत केली नाहीत. पळसाची फुलं हंड्यात उकळायला पडत. त्या केशरी पाण्याचा उग्र, ओलसर वास आणि साखरेच्या गाठ्यांच्या पाकाचा वास हलवायाच्या गल्लीच्या तोंडाशी एकमेकांना भेटत. ते भेटले की ओळखायचं, थावरूभाऊची बाज निघायची वेळ झाली.

थावरूभाऊ म्हणजे आमचे नगराध्यक्ष. बावीस वर्षं. गावाला लागूनच त्यांचा बंजारा तांडा. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून अर्धा मुलूख तुडवला, आणि थावरूभाऊंनी आयुष्यभर आमचं एक गाव पाठीवर लादलं. दोन्हींत अवघड काय होतं, हे बैलांना विचारायला पाहिजे. मधली काही वर्षं खुर्ची बाईमाणसासाठी राखीव झाली तेव्हा त्यांची बायको अध्यक्ष झाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. सगळं गावच तिला याडी म्हणायचं. ती खुर्चीवर आणि भाऊ बाजूच्या स्टुलावर बसत. पण एकदा भाऊंनी सांगितलेल्या जागी तिनं सही करायला नकार दिला, आणि पुढचे आठ दिवस स्टूलसुद्धा कचेरीबाहेर ठेवलेलं होतं. त्या काळी नगरसेवकच अध्यक्ष निवडत. निवड जवळ आली की भाऊ साऱ्यांना बसमध्ये घालून देवदर्शनाला नेत, म्हणजे विरोधकांच्या हाती लागायला नकोत. आमच्या नगरसेवकांनी हिंदुस्थानातले एवढे देव पाहिले की शेवटी देव त्यांना नावानं ओळखायला लागले. आमच्या गावाला नळ यायला उशीर झाला, पण पुण्य कधी कमी पडलं नाही.

आता बाजेची गोष्ट. धुळवडीच्या सकाळी नगरपरिषदेच्या कचेरीसमोरच्या निंबाखाली भाऊंची बाज पडायची. साधी सुतळीची, एका बाजूनं ढिली. भाऊ डोक्याला पांढरा फेटा गुंडाळून तिच्यावर बसत आणि अख्खं गाव समोर. बायाही येत, पदर खोचून येत. ज्याला जी तक्रार असेल ती त्यानं खड्या आवाजात मांडायची आणि शेवटी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची. नियम तीन. आई-बहिणीवरून शिवी नाही. कुजबुज नाही. आणि सगळ्यांचं होईपर्यंत अध्यक्षांनी तोंड उघडायचं नाही.

"भाऊ, आमच्या नालीत डास एवढे माजले की काल पोराले उचलून नेत होते, मी पाय धरून खाली ओढलं!"

"आमच्या गल्लीतला लाइट पाच वर्षांत एकडाव लागला, अन् थो बी वीज पडली तवा!"

"माह्या म्हाताऱ्यानं घरकुलाचा अर्ज केलता. म्हातारा सरगात गेला, तिथं बी घर भेटलं, तुमचं अजून मंजूर होऊन राह्यलं!"

भाऊ ऐकत. हसत नसत, रागावत नसत. सगळे थकले की उठून एकेकाला उत्तर देत. "तुहं होईल. तुहं होनार नाई, फंड नाई. अन् तू लेका खोटं बोलून राह्यला, तुह्या घरी नळ हाय, मीच देल्लता." झाडून सगळ्या बोंबांत जी सरस ठरेल तिच्या मालकाच्या गळ्यात भाऊ स्वतःच्या हातानं साखरेची गाठी घालत.

मी अकरा गाठ्या जिंकल्या. माझा धंदाच लाउडस्पीकरचा. पण धुळवडीला भोंगा लावायची परवानगी नव्हती, तिथं फक्त उघडा गळा. म्हशीची गोष्ट ही माझी. नगरपरिषदेच्या कारंज्याचं पाणी फक्त सव्वीस जानेवारीला उडतं आणि तेसुद्धा पाहुण्यांना सलामी देऊन खाली बसतं, ही माझी. डुकरांनी प्रभाग चारमधून स्वतःचा उमेदवार उभा करायचं ठरवलं आहे, हीही माझीच. माझी बोंब आर्णीच्या बाजारात ऐकू जायची, म्हणतात. कोण म्हणतात, ते विचारू नका. मीच म्हणतो.

लोक भाऊंवर टीका करायचे, ती काही खोटी नव्हती. माणूस हट्टी होता. मुख्याधिकारी बदलून जायचे, भाऊ तिथंच. आपल्या माणसांना आधी द्यायचे. विरोधकाच्या गल्लीत मुरूम टाकायला त्यांची गाडी नेमकी पंक्चर व्हायची. हे सगळं निंबाखाली तोंडावर बोललं जायचं, दुसऱ्या दिवशी ते कचेरीत येत, आणि बोंब मारणाऱ्याला चहा सांगत. गावाला वाटायचं, आपण बोललो. एवढ्यावर गाव वर्षभर तगायचं.

पण एक बोंब त्या निंबाखाली कधीच मारली गेली नाही.

गावाच्या उगवतीला तळं होतं. भाऊंच्याच पूर्वजांनी खणलेलं, बैलांचा तळ पडायचा तिथं. हजार बैल पाणी पीत असत, असं जुनी माणसं सांगत. मी सांगितलं असतं तर लाख सांगितले असते. शिंगाडे निघत. फागुनात काठचा पळस पाण्यात उलटा पेटायचा. अर्ध्या गावाच्या विहिरी त्या तळ्यावर जगत. जेठ लागला तरी आमच्या घरच्या विहिरीत दोन हात दोर सोडला की बादली गपकन पाणी प्यायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आयुष्यभर मी आवाजाचा धंदा केला, पण तसा आवाज माझ्या एकाही पेटीतून निघाला नाही.

ते तळं भाऊंनी बुजवलं. बसस्टँड वाढवायचं होतं, बाजाराला गाळे पाहिजे होते. एका हिवाळ्यात टिप्पर लागले, फागुनापर्यंत अर्ध्या तळ्याच्या जागी सपाट मुरूम. आणि त्यावर जे पहिले गाळे उठले, त्यातला चौथा मला मिळाला. तोवर मी घराच्या ओसरीवर भोंगे ठेवून धंदा करत होतो. शटरचं दुकान, बसस्टँडच्या तोंडावर, वर पाटी. बायकोनं शटरला हळद-कुंकू लावलं, शटर वर जाताना घरघरलं, आणि मला वाटलं, इंद्राचा दरबार उघडला.

त्या वर्षीच्या धुळवडीला निंबाखाली गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. सगळे माझ्याकडं पाहत होते. तळ्याची बोंब मारील तर गज्याच मारील. मी पुढं झालो, श्वास घेतला, छाती भरली, भाऊंनी बाजेवरून माझ्याकडं पाहिलं, आणि मी गल्लीतल्या लाइटवर बोललो. अशी रंगवली, अशी रंगवली की लोक पोट धरून हसले. गाठी मलाच मिळाली. भाऊंनी ती गळ्यात घातली तेव्हा हात माझ्या खांद्यावर क्षणभर जास्त ठेवला. मला वाटलं, शाबासकी.

उरलेलं तळंही बुजलं. मग वर्षं गेली. दर फागुनात मी नवं काहीतरी आणायचो. डुकरं, डास, कारंजं. तळ्याच्या बाजूला माझी जीभ वळायचीच नाही, जसा खोंड ठरलेल्या बांधाशी येऊन थांबतो. विहिरी एकेक करून खाली गेल्या. आधी चैतात, मग फागुनातच. आमच्या विहिरीत बादली आता खडकावर वाजते.

पुढं भाऊ खुर्चीवरून उतरले. मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आला. प्रशासक यवतमाळहून यायचा असं ऐकलं. यायचा की नाही ते माहीत नाही, कारण त्याला पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तक्रारीसाठी मोबाइलवर अॅप आलं. मी त्यावर नालीची तक्रार टाकली. उत्तर आलं, "आपली समस्या सोडवण्यात आली आहे." नाली तिथंच वाहत होती, तिला कुणी कळवलंच नव्हतं. आता निवडणूकही झाली, नवीन मंडळ आलं. प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतो. रोज सकाळी फुलांचा फोटो येतो. राजेहो, फुलावर बोंब कशी मारायची?

रस्ता मात्र गुळगुळीत झाला. त्यावरून जाताना मला डुलकी येते.

निवडणुकीच्याही आधीचा एक फागुन मला सगळ्यात जास्त आठवतो. त्यासाठीच हे सगळं सांगत बसलो. धुळवडीची सकाळ होती. मी गाळ्यात वायरी गुंडाळत होतो. शटरच्या उजेडात याडी येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

"गजा," ती म्हणाली, "थ्यायनं दोन दिवसांपासून भाकर नाई खाल्ली."

"काहून? तब्येत?"

"तब्येत कायची? धुळवडीची बाज टाका म्हन्ते. मी म्हनलं, कोनी येत नाई आता, कोनासाठी टाकू? तं म्हन्ते, कोनी शिवी द्याले बी येत नसन तं मंग मी मेलो असन, मले उचला. पोरं समजावून थकले. तू चाल न बाप्पा. एक बोंब मार, म्हंजे जेवते."

मी तिला घेऊन माझी रिक्षा काढली. मागं भोंगा-पेटी तशीच पडलेली होती, आदल्या दिवशीच्या लग्नातली.

तांड्याच्या त्या टोकाला होळीची गाणी चालली होती. डफावर लेंगी, बायांचे गळे, आरशांच्या कपड्यांवर उन्हाचे तुकडे. या टोकाला मोहाखाली तीच बाज, ढिल्या बाजूनं अजून ढिली झालेली, आणि तिच्यावर थावरूभाऊ. फेटा होता. फेट्याखाली माणूस मात्र निम्मा उरला होता.

"आला का बे गज्या," ते म्हणाले. "गाव कुठं हाय?"

"मी आलो न जी. मी एकटा गावाएवढा हाय."

ते हसले नाहीत. मी पुढं झालो आणि सुरू केलं. नवा रस्ता इतका गुळगुळीत की कुत्रं बसलं तर घसरत नेरला जातं. माझ्या मते बरी होती. भाऊ माझ्या तोंडाकडं पाहत राहिले.

"तोंड हालवून राह्यला, आवाज कुठं हाय? बावीस वर्षं माहे कान फोडले, आता माह्या कानाले जोर नाई तं तुहा घसा बसला?"

याडी हळूच म्हणाली, "थ्यायले ऐकू येत नाई गजा. कानाशी बोलावं लागते."

"कानाशी नाई!" हे मात्र त्यांना ऐकू गेलं. "कुजबुज नाई चालत. नेम हाय. थो रिक्षातला भोंगा कायले आनला? लाव."

मी भोंगा मोहाच्या फांदीला बांधला. हॅलो, हॅलो म्हटलं. तांड्यावरची कोंबडी उडाली. मग मी गल्लीतल्या लाइटवर बोललो. भाऊंनी हात वर केला. "हे झालं. मी होतो तवा बी झालं." मी डुकरांवर आलो. "झालं." मी कारंज्यावर आलो. "गज्या, मी म्हातारा झालो, तू कायले जुना झाला? आता काय राह्यलं थे सांग."

काय राह्यलं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. घशात ते खवखवत होतं. कानाशी असतं तर पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. पण समोर भोंगा होता, आणि माझा भोंगा तांड्यावरच थांबत नाही, वारा असला तर बसस्टँडपर्यंत जातो. माझ्या चौथ्या गाळ्यापर्यंत जातो.

याडीनं ताटातली भाकर झाकून ठेवली होती. माशी त्या फडक्यावर बसत होती, उठत होती.

"थावरूभाऊ," मी बोललो आणि तो आवाज मलाच परका वाटला. "तुमी तळं बुजवलं. तुमच्या आजा-पनजाच्या बैलाइचं तळं. गावाच्या विहिरी मारल्या तुमी. अन् मले सारं दिसत होतं, अन् मी गाळ्यासाठी तोंड शिवून बसलो."

मग तोंडावर हात मारला आणि बोंब ठोकली. ती कुठवर गेली, ते सांगत नाही. आतापर्यंत पुष्कळ वाढवून सांगितलं. इथं वाढवायला जागा नाही. एवढंच की तिकडची लेंगी थांबली, डफ थांबला.

मग भाऊ म्हणाले, "आलं. ऐकू आलं." "गाळा तुले काहून भेटला, माहीत हाय?"

"अर्ज केलता मी."

"अर्ज तं साऱ्या गावानं केलते. तळ्याची बोंब मारन, असा घसा गावात एकच होता. म्हनून तुले देल्ला."

मी भोंग्याचा माइक खाली केला. हे गावानं ऐकायची गरज नव्हती. त्यांनी मात्र आवाज खाली केला नाही.

"अन् मंग मीच दर धुळवडीले पाह्यत बसलो. म्हनलं, असा घसा गाळ्यानं किती दिवस दबते? आज म्हन्ते, पुढल्या सालाले म्हन्ते. तू लेका डुकरं घेऊनच बसला."

"तुमी मनानंच थांबाले पाह्यजे होतं न भाऊ," मी माइक पुन्हा तोंडाशी धरून म्हणालो.

"उन्हात बाया लेकरं घेऊन एसटीची वाट पाहत. बाजार नालीवर बसे. मले दुसरी जागा नाई दिसली." ते मोहाकडं पाहत होते. "कोनी एक जन बोंबलला असता तं दिसली बी असती. थांबलो असतो. का नसतो थांबलो, कोन जाने. आता थे मले बी समजनार नाई, तुले बी नाई."

मग त्यांनी याडीला हाक मारली. "गाठी आन." आणि माझ्याकडं वळून, "तळं बुजवल्यावरच्या साऱ्या गाठ्या वापस कर. थ्या खोट्या होत्या. ही पयली."

त्यांनी ती बसल्या जागेवरूनच माझ्या गळ्यात टाकली. गाठी माझ्या कानात अडकली, याडीनं सोडवली. मग त्यांनी ताट ओढलं, भाकर चुरली, आणि मान खाली घालून जेवले. मी समोर उभा होतो. गोड पाक मानेवर पाझरत होता आणि मला तो पुसावासा वाटला नाही.

पुढच्याच वैशाखात ते गेले. शोकसभेला स्पीकर माझाच होता. एकामागून एक माणूस आला आणि विकासपुरुष म्हणून गेला, कर्मयोगी म्हणून गेला. सगळं माझ्याच भोंग्यातून. एकानंही बोंब मारली नाही. मी पेटीच्या मागं बसून वाट पाहत होतो, आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर हात ठेवून.

बाज याडीनं मला दिली. "घरात अडचन होते," म्हणाली. तिच्या घरात बाजेला अडचण होईल, असं काही नव्हतं.

या फागुनात पळस पुन्हा पेटला, घसा पुन्हा खवखवला. धुळवडीच्या सकाळी मी ती बाज गाळा नंबर चारच्या पुढं टाकली, ढिली बाजू रस्त्याकडं करून. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळला. हलवायाकडची गाठी हातात घेतली आणि बसलो. बसस्टँडवर रंगलेली माणसं येत होती, जात होती. मोटारसायकली गुळगुळीत रस्त्यावरून नुसत्या वाहत होत्या. दोघा-तिघांनी माझ्या पायाशी थांबून विचारलं, काका, गाडी आर्णीची केव्हा हाय.

बाजूच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारी पूजा. कुणाचा तरी फोन रंगाच्या बादलीत पडला म्हणून सणाच्या दिवशीही शटर उघडायला आलेली. गालावर हिरवा पंजा.

"काका, तब्येत बरी नाई का? उन्हात कायले बसले?"

"तब्येत बरी हाय. पूजा, एक काम कर. माह्यावर बोंब मार."

"बोंब?" ती हसली. "तुमच्यावर कायची मारू, बाप्पा?"

"तळ्याची मार."

ती चावी हातात धरून उभी राहिली. तिनं बसस्टँडकडं पाहिलं, गाळ्यांच्या ओळीकडं पाहिलं, आपल्या पायाखालच्या फरशीकडं पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न केला पोरीनं.

"कोनतं तळं, काका?"

बावीस वर्षं त्या निंबाखाली मी मोठमोठ्या बोंबा ऐकल्या, मारल्या, पण एवढी मोठी कधी ऐकली नव्हती. मी बाजेवरून उठलो आणि हातातली गाठी तिच्या गळ्यात घातली.

"हे काय, काका?" ती गोंधळून म्हणाली. "मी तं काहीच नाई बोलली."